पोटखराब

सुलैबिखातच्या किनाऱ्यावर, मार्चमधल्या ओहोटीत
मी तिपाईवर यंत्र चढवतो.
बुडबुडा मध्ये येत नाही.
तिपाईचा एक पाय सारखा खचतो,
जणू खालून कुणी ओढतंय.

कंपनीच्या तक्त्यात एक रकाना आहे:
जागेवर सध्या काय आहे.
माझ्या आधीच्यानं लिहून ठेवलंय, काही नाही.
हे अक्षर मी ओळखतो.
उरणला आमच्या खाजणाच्या सातबाऱ्यावर
तलाठ्यानं अशाच हातानं लिहिलं होतं:
पोटखराब.

आई त्याच पोटखराबात
कोपरापर्यंत हात घालून निवट्या काढायची,
बिळाच्या दोन्ही तोंडांवर एकेक पंजा.
आमची पोटं त्यावर भरली.
भराव पडला तेव्हा मोबदला बांधाचा मिळाला,
उघाडीच्या फळ्यांचाही मिळाला,
निवट्यांना रकानाच नव्हता.

आणि इथं, कुवेतात, निवटी.
पहिल्यांदा दिसली तेव्हा यंत्र सोडून मी उकिडवा बसलो.
तेच टाळूवरचे डोळे, तेच रागावल्यासारखे गाल,
निळे ठिपके, पाठीवरचं शीड उघडून
चिखलावर टुणकन.
इथले लोक तिला बू-शलंबू म्हणतात.
मी दोनदा म्हणून पाहिलं,
नावसुद्धा तोंडात उडी मारतं.

विद्यापीठातली एक मुलगी रोज वही घेऊन येते,
बुटांत चिखल, कानामागे पेन्सिल.
नाव विचारलं. म्हणाली, दलाल.
मी दचकलो.
आमच्याकडे दलाल आला की
आठवड्यात डंपर येतो.
ती हसली. आमच्यात दलाल म्हणजे लाड.

तिनंच दाखवलं:
पाणी उतरलं की ही मासळी तोंडानं चिखल उचलते,
थुंकते, थापते, बांध घालते,
पाचकोनी, सहाकोनी, शेजाऱ्याचा बांध तोच आपला,
आत बोटभर पाणी राखलेलं
आणि पाण्याखाली उन्हानं धरलेली तपकिरी साय.
ती साय हिचं शेत.
मी उठून पाहिलं. नजर पोचेल तिथवर वाफे.
अकरा वर्षं जमीन मोजतोय,
इतकी स्वच्छ मोजणी माझ्या हातून झालेली नाही.

बांधांवरून तुतवार चालत होते.
प्रत्येकाची चोच वेगळ्या मापाची,
म्हणून एकाच चिखलात
कुणाचं ताट वर, कुणाचं तळाशी, आणि भांडण नाही.
लांब वीजघराच्या धुराड्यांखाली
रोहित डोकं उलटं करून पाणी गाळत होते.
त्यांना आम्ही नकाशात दाखवत नाही. ते हलतात.

साहेबाचा फोन: भरतीची रेषा आजच हवी.
आज अष्टमी. भांगाचं पाणी.
भांगात मोजला की समुद्र लहान निघतो
आणि उरतं ते सगळं रिकामं.
हे मला कुठल्या कोर्सात शिकवलं नव्हतं,
आईनं शिकवलं होतं, तेही टोपली सावरत.
मी म्हटलं, साहेब, बुडबुडा बसत नाही.
खोटं नव्हतं.

पुढच्या शनिवारी अमावास्या.
पहाटे उधाण आलं, आवाज न करता,
वाफ्यामागून वाफा बुडवत
रस्त्याकडेच्या फेकलेल्या टायरपर्यंत,
आणि तिथं जरा घोटाळलं.
मी खुंटी तिथं मारली.
आता तिच्या आतल्या सगळ्याला
कागदावर तरी पाणी म्हणावं लागेल.
"काही नाही"वर रेघ ओढून
आधी मराठीत कच्चं लिहिलं, मग इंग्रजीत पक्कं:
वहिवाट चालू आहे.
साहेब खोडेल कदाचित.
खोडायच्या आधी वाचावं तर लागेल.

दुपारी ओहोटीला सामान आवरायला गेलो.
तिपाई उचलली तर तिच्या तीन खळग्यांत पाणी.
त्यातल्या एकाला, मी पाहत असताना,
कुणीतरी बांध घालायला घेतला.